सागाची फांदी आणि रस्त्याचं ॲप

माझ्या धाकट्या दिराइतका अस्वस्थ माणूस आलापल्लीपासून सूरजागडापर्यंत शोधून सापडणार नाही. जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा उभाच असतो. दुसऱ्याच्या लग्नात अक्षता पडेस्तोवर हा मांडवाचे दोर ओढून बघतो. आणि फोनवर रस्त्याच्या तक्रारीचं ॲप आल्यापासून तर त्याच्या पायाला भिंगरीच लागली. खड्ड्याचा फोटो टाकला की जागा साहेबाला आपोआप कळते म्हणे.

त्याला कारणही होतं. वळणावरच्या खड्ड्यात त्याची मोटारसायकल आपटली आणि मागे बसलेली माझी जाऊ पडली. हात मोडला. हात जुळला, पण बाई पुन्हा गाडीवर बसेना. पुढच्या गावी दिलेल्या लेकीकडेही जाईना. "गड्डा बुजला का बसीन," एवढंच म्हणायची.

खड्ड्यात फांदी रोवायची आमच्याकडे रीतच आहे, लोकांना दुरून दिसावं म्हणून. यानं सागाची चांगली पानांनी भरलेली फांदी रोवली, फोटो टाकला आणि दर घटकेला फोन बघत बसला. उत्तर आलं: तक्रार झाडाची आहे, वन खात्याकडे पाठवली आहे. मागोमाग जंगलाचा गार्ड दारात.

"सागाची फांदी कोनं तोडली, काका?"

"मीच. लोकं पडू नये म्हून. तुले गड्डा नाई दिसला?"

"फोटोत तं झाडच दिसून राह्यलं!"

गार्ड हसत गेला, हा मात्र अंगणात येरझाऱ्या घालू लागला. मी म्हटलं, "फांदी काढून फोटो काढ ना, येड्या!"

"आन् तेवढ्यात कोनी पडलं तं, वैनी?"

शेवटी मीच लाल लुगड्याचा पदर हलवत रस्त्यात उभी राहिले. लोहखनिजाचे ट्रक भोंगे वाजवत थांबले. "मायबाई, मरतं का?" एक ड्रायव्हर ओरडला. "तू थांब, मंग नाई मरत," मी म्हटलं. यानं फांदी उपटली, फोटो काढला आणि फांदी परत रोवली.

या खेपेला तक्रार रस्त्याच्या साहेबाकडेच गेली आणि खड्डा बुजला. लेकीकडे जायला त्यानं गाडी पुसून दारात आणली. जाऊ लुगडं बदलून आली, गाडीकडे बघत उभी राहिली. "तुमी व्हा पुढं, मी पायी येतो," म्हणाली.

मला वाटलं, आता हा चिडणार. त्यानं गाडी बंद केली आणि ढकलत तिच्याबरोबर चालू लागला, तिच्याच चालीनं, सावकाश. असा चालताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. वळणापलीकडे ती बसली की नाही, इथून दिसलं नाही. मी दारात कान देऊन उभी होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.