चमच्याची कड

कोणतीही वस्तू हातात आली की माझे शेजारी आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवत. पाण्याचा पेला असो, लग्नपत्रिका असो की सोसायटीच्या नव्या फाटकाची पट्टी. "आधी कड बघू," म्हणायचे. बोटाला टोचलं तर खिशातल्या लहानशा कानशीने तिथल्या तिथे घासून द्यायचे. आमच्या घरच्या नव्या ताटांचा संच त्यांनी वास्तुशांतीच्या पंगतीत बसून तपासला होता, आणि एक ताट बाजूला काढून ठेवलं होतं. माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

शिरवळच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीभर तयार भाग तपासले. पास किंवा रिजेक्ट, एवढाच धंदा. निवृत्त झाल्यावर मलकापुरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, ते आणि त्यांची बायको. मुलगा कॅनडात. दारावर क्रूस, त्याखाली 'सुस्वागतम्'. इमारतीत कॅथलिक म्हणून तेवढंच एक घर. "मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" असं कौतुक पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येकाने केलं. ते शांतपणे सांगायचे, "घरात दुसरी न्हाईच की."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. देवाधर्मापासून हातभर लांब राहिलेला माणूस. त्यामुळे या शेजाऱ्याला अडचणीत आणणारे प्रश्न विचारणं हा माझा संध्याकाळचा चहाबरोबरचा उद्योग झाला.

"समजा, शेजाऱ्याच्या वायफायला पासवर्ड नाही. वापरलं तर पाप का?"

अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरायला लागला. "त्याला सांगितलंय का तुमी?"

"नाही."

"सांगायला लाज वाटतीय?"

"थोडी."

"मग कड टोचतीय, सर. माझा पासवर्ड देतो, लिवून घ्या."

एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीबद्दल कोणीतरी लिहिलं की ती उशिरा येते, चौकशी व्हायला हवी. हात जोडलेली चित्रं भराभर पडली. यांनी लिहिलं, 'मला काही माहीत नाही. तुम्हालाही नाही.' मग जिना चढून, तो मेसेज पुढे पाठवणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेले. मी गंमत बघायला मागोमाग.

"आवं अध्यक्ष, माणूस समोर नसताना बोलायचं म्हंजे साक्ष दिल्यागत हाय. खोटी निघाली तर आमच्या दहा आज्ञांत ती चोरीच्या शेजारी बसती."

"अहो, नुसतं फॉरवर्ड केलं मी!"

"खराब माल मी बनवला न्हाई, पुढं ढकलला फक्त, असं आमच्या कारखान्यात म्हटलं असतं तर घरी बसवला असता."

रोज दिवेलागणीला ते गॅलरीत डोळे मिटून बसायचे. काय चाललंय, विचारलं तर "इन्स्पेक्शन" म्हणायचे.

"कुणाचं?"

"माझंच. दुसऱ्याचं करायला पगार मिळायचा."

मला वाटायचं, या माणसाकडे पापपुण्य मोजायचं एक पोलादी माप असणार. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "काही गोष्टींना माप हाय, सर. जीव घ्यायचा न्हाई, यात बघायचं काय? पण बाकी लय ठिकाणी हात लावूनच कळतंय. आणि हात थरथरला की तेबी कळत न्हाई."

त्यांचा हात थरथरलेला मी एकदाच पाहिला.

त्यांच्या बायकोचा आवाज मोठा होता आणि हसणं त्याहून मोठं. स्वयंपाकघरात ती चर्चमधली गाणी म्हणायची, सुराशी फारसा संबंध न ठेवता. नाताळात करंज्यांचा डबा द्यायला आली की दारातूनच ओरडायची, "कडा तपासून आणल्यात यांनी, जीभ कापायची न्हाई!" तिला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. उपचार झाले, थोडे महिने बरे गेले, आणि मग एका सकाळी श्वासच घेता येईना म्हणून सांगलीच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर लावावा लागला. नळी घालण्यापूर्वी ती एवढंच म्हणाली होती, "अवो, मला घरी न्या."

मी त्यांच्यासोबत अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसायचो. डॉक्टर आता गळ्याला छेद देऊन नळी बसवू म्हणत होते. यांनी एकच प्रश्न विचारला, "यानं ती बरी होणार, का नुसतं लांबणार?" डॉक्टर भला माणूस होता. त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला, आणि तेच उत्तर होतं.

फादर आले, तिच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना केली. बाहेर येऊन म्हणाले, "जीव घ्यायचा नाही हे खरं. पण जे तिला नुसतं जड होतंय ते चालू ठेवायचं बंधन चर्च घालत नाही."

"फादर, हे मला पाठ हाय," ते म्हणाले. "भीती वाटतीय, म्हणून विचारतोय." बाकाच्या कडेवरचा त्यांचा अंगठा थरथरत होता.

मुलगा फोनच्या पडद्यावर होता. "पप्पा, तुमचं चर्च जिवासाठी एवढं बोलतं, आणि तुम्ही मम्मीचं मशीन काढायला निघालात?"

"मारू नका म्हणतं, बाळा. मरूच देऊ नका असं न्हाई म्हणत. मशीन काढू, पाणी न्हाई काढायचं. तहान लागली तर तिला पाणी मिळंल, माझ्या हातनं."

पडदा काळा झाला.

तिला घरी आणलं. ऑक्सिजनचा सिलिंडर, दम कमी करायचं औषध आणि ते. तिचे ओठ फुटले होते. त्यांनी घरातले सगळे चमचे काढले, एकेकाची कड बघितली, एक निवडला आणि तोही कानशीने घासला. तोंडात दोन थेंब सोडले. तिने डोळे उघडले, आणि घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत विचारलं, "अवो... चमचा... रिजेक्ट का?"

"पास," ते म्हणाले.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. आठवडा पुरा व्हायच्या आत गेली.

मुलगा आला. माती झाल्यावर, घरात आम्ही तिघेच असताना त्याने विचारलं, "तिला त्रास झाला का?" अशा वेळी काय उत्तर द्यायचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होतं. मी त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली सुद्धा.

"झाला," ते म्हणाले. "पहिल्या दुपारी लय दम लागला. औषध दिल्यावर कमी झाला."

मुलगा उठून आत गेला, आणि दोन दिवसांनी विमानात बसला. नंतर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर त्याचा फोन यायचा. जेवलात का? जेवलो. तिकडं बर्फ हाय का? आहे. संपलं. एकदा फोन खाली ठेवून ते मला म्हणाले, "खोटं बोललो असतो तर पोरगं जवळ आलं असतं."

"मग बोलायचं होतं."

"मग ते कुणाजवळ आलं असतं, सर?"

याला तर्कशास्त्रात काय म्हणतात ते मी आजवर शोधतो आहे.

ते गेल्यावरच्या शोकसभेचं आताच सांगून टाकतो, कारण शेवट तिच्यावर करायची माझी इच्छा नाही. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अकरा पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, आणि कोपऱ्यात पासपोर्ट आकाराचे ते. भाषण करणाऱ्याने त्यांना 'सर्वधर्मसमभावाचा दीपस्तंभ' म्हटलं. या माणसाने फ्लेक्सच्या पत्र्याच्या चौकटीवरून नुसता अंगठा फिरवला असता आणि कानस काढली असती.

तर त्याआधीचं. गेल्या वर्षी त्यांना मेंदूचा झटका आला. तेच हॉस्पिटल, तोच बाक. मुलगा विमानतळावरून थेट सांगलीला आला. डॉक्टर मशीनबद्दल बोलले आणि सही घ्यायला परत येतो म्हणून गेले. मुलगा माझ्याकडे वळला.

"काका," तो म्हणाला, "मम्मीच्या वेळी पप्पांनी डॉक्टरांना काय विचारलं होतं?"

मी सांगितलं. डॉक्टर आले तेव्हा त्याने तोच प्रश्न विचारला. उत्तर यायला तेवढाच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आमच्या फाटकातून आत आली. त्यांना त्यांच्या पलंगावर ठेवलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. ऐकू येत होतं की नाही, सांगता येणार नाही. थोड्या वेळाने आमच्या दाराची बेल वाजली. मुलगा दारात उभा होता, हातात पाण्याची वाटी.

"काका, पप्पा मम्मीला कुठल्या चमच्याने पाणी द्यायचे?"

मी त्याच्याबरोबर गेलो. चमचा मारियामातेच्या तसबिरीजवळ पेल्यात उभा असायचा, तसाच होता. मी दाखवला. तो पलंगावर बसला, वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं. चमचा वाटीत बुडवणार, तेवढ्यात थांबला. आणि मग त्याने, अगदी सावकाश, चमच्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.