मामांसमोर न रडणारी कुत्री

त्या उन्हाळ्यात शहरात, आमच्या गारखेड्यातल्या घरी दोघं राहायला आले. एक माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, आणि दुसरी त्यांची मेंढरांमागची काळी कुत्री. फर्दापूरजवळ रस्ता ओलांडताना ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आली. मागचा एक पाय वाचवण्यासारखा राहिला नव्हता. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी तो काढला आणि जखम भरेपर्यंत तिला शहरातच ठेवा म्हणाल्या. मेंढरं धाकट्या दिरांवर सोपवून मामाही तिच्यासोबत आले.

मला कामं मांडून ठेवायची सवय आहे. त्याच संध्याकाळी फ्रिजवर कागद चिकटवला. सुजेची गोळी खाण्यानंतर, नसांच्या दुखण्याची गोळी ठरल्या वेळेला, बर्फ फडक्यात गुंडाळूनच, टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही. फरशीवर ती घसरू नये म्हणून हॉलपासून अंगणापर्यंत रबरी मॅट टाकल्या. बाहेर न्यायचं तर पोटाखालून टॉवेल घालून मागचं अंग उचलून धरायचं. नवरा ऑफिसात, मामांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणजे टॉवेल धरणार मी. आठवड्याभरात माझी कंबर धरली. गोळी कशात लपवली की ती खाते, हे शोधण्यात सकाळ जायची. भाकरीत लपवली तर भाकरी खाऊन गोळी मॅटवर ठेवायची, अगदी व्यवस्थित.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहिता येत नव्हती. तिला किती दुखतंय? डॉक्टरबाईंना फोनवर तेच सांगायचं असायचं, कारण गोळ्या चालू ठेवायच्या की कमी करायच्या ते त्यावरून ठरणार होतं. आणि घरात त्यावर एकमत नव्हतं.

"तिला काय बी दुखत नाय," मामा म्हणायचे. "मी आलो की उभी राहती, शेपूट हलवती. तू उगं गोळ्या चारून तिला गुंगीत ठेवती."

"मामा, पाय कापलाय तिचा."

"पाय कापलाय, जीभ नाय कापली. दुखलं असतं तर बोलली असती."

आणि ते हॉलमध्ये असले की खरोखर तसंच दिसायचं. तीन पायांवर उभी, कान टवकारलेले, नजर मामांवर. पण सकाळी ते फिरायला गेले की ती आडवी व्हायची आणि धापा टाकू लागायची. जिथे पाय नव्हता तिकडे मान वळवून बघायची. उरलेल्या मांडीचे स्नायू आपोआप उडायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पाय गेलाय हे नसांना अजून कळलेलं नसतं. मग घशातून एक बारीक, लांब आवाज सुरू व्हायचा. मी बर्फ धरून बसायची. फाटकाची कडी वाजली की आवाज बंद, आणि ती धडपडत पुन्हा उभी.

मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझा तो कागद बघून रडत असेल." हसायचंही त्राण नव्हतं मला.

एके दिवशी डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, खरंच आराम असेल तर उद्यापासून नसांची गोळी थांबवू. मामांनी ते ऐकलं. "बंदच करा बाई," ते लांबूनच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कटिंगला गेले तेव्हा मी मोबाइल खिडकीत उभा करून व्हिडिओ काढला. जेवणं झाल्यावर त्यांच्या हातात दिला.

हात लांब करून त्यांनी तो पाहिला. "ही आमची नाय."

"मामा, मागं आपलाच कूलर आहे."

"पुन्ना लाव."

दुसऱ्यांदा त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "रडकं पिल्लू आमी ठेवत नाय. रातच्याला ते रडलं की मेंढरं बुजत्यात, वाघूर तोडून पळत्यात." वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी. "ही बारकी होती तवा रडली की मी नाकावर टिचकी मारायचो. दोन-चारदाच मारली असंल. हुशार, लगेच शिकली." मोबाइल उलटा करून त्यांनी मांडीवर ठेवला. "म्हंजी भेती व्हय मला?"

"भीत नाही, मामा. तुम्ही समोर असलात की ती कामावर असते."

मी व्हिडिओ डॉक्टरबाईंना पाठवला. गोळी बंद झाली नाही, उलट मात्रा थोडी वाढली. शिवाय त्यांनी बजावलं की सारखं उभं राहून टाके ताणले जातायत, तिला पडून राहू द्या. तिला पडून राहू द्यायचं म्हणजे मामांनी समोर यायचं नाही. ज्यांनी तिच्यासाठी कळप सोडला त्यांना हे कसं सांगावं, या विचारात मी भांडी घासत होते. त्यांचं त्यांनीच ठरवलं. गोळीची वेळ झाली की टोपी घालायचे आणि कॉलनीच्या मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. अंगणात बसून चाललं नसतं, तिला वास आला असता.

पहिले काही दिवस ती खूप रडली. मी बर्फ लावायची, चांगल्या बाजूची मांडी हलके चोळायची, आणि पाठ भिंतीला टेकून डोळे मिटायची. त्या आवाजाला मी काही करू शकत नव्हते. पण गोळी लागू पडली की तो थांबत यायचा आणि ती कुशीवर पाय ताणून झोपायची. तशी झोप मामा घरात असताना तिला कधी लागली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजायचा. ओट्यावरून मामा.

"रडली का?"

"रडली."

"लई?"

"कालच्यापेक्षा कमी. आत्ता झोपलीय."

"मंग बसतो मी आजून हितंच," ते म्हणायचे. "सावली हाय."