अर्ध्या बाह्यांचा सदरा

लॉकडाऊनमध्ये मी शेजारच्या आजोबांना गमतीत खोटंच सांगितलं, "लस आली!"

लस टोचल्याशिवाय नातवाला हात लावायचा नाही, असं बेलापूरच्या लेकीनं त्यांना बजावलं होतं. म्हणून ते रोज कुंपणापाशी येऊन एवढंच विचारायचे, "आली का, मास्तर?" टोचायला सोपं जावं म्हणून अर्ध्या बाह्यांचा सदरा इस्त्री करून ठेवलेला. तोच घालून ते भर उन्हात दवाखान्यापर्यंत चालत गेले आणि घामाघूम होऊन परतले. सदरा धुतला आणि नेहमीसारखी मेथीची जुडी कुंपणावरून दिली.

खरी लस आली तेव्हा मी धावत सांगायला गेलो. ते खाटेवरून हललेही नाहीत.

"मास्तर, ह्ये सांगाया दुसऱ्या कुनाला तरी धाडा."