चुना लावलेले दगड

किन्हीराजाच्या जंगलात उतारावर सागाखाली पांढऱ्या मुसळीचं फूल येते. वीतभर काडी, तिच्यावर नखाएवढ्या पांढऱ्या चांदण्या. दसऱ्यापर्यंत पानासकट अशी गायब होते का खाली कंद हायेत हे देवालेही समजत नाही. माह्या मायले मात्र समजे. ती एकेक जागा ध्यानात ठेवे, अर्धी मुळं काढे, अन् पुढच्या साली फुटनारा डोळा असलेला गड्डा परत मातीत दाबे. गावातल्या बाळंतिणीले तेच औषध.

मी शाळेची पायरी चढलो नाही, पन अक्कल लय. महाराष्ट्र व्हाचा होता, आमी तवा मध्यप्रदेशात होतो, गाव जागचं हललं नव्हतं तरी. त्या साली फुलं उभी असतानाच मी मुसळीच्या हरेक झाडाजवळ चुना लावलेला एकेक दगड ठेवला. मायले सोपं जाईल म्हनून. "आता आंधळाही खणंल," असं पारावर सांगत फिरलो.

दसरा झाला अन् डोळेवाले आले. मुळ्या घेनाऱ्या शेठचा मुकादम, चार मजूर, कुदळी. या दगडावरून त्या दगडावर चालले. गड्डा, डोळा, सारं पोत्यात.

माय म्हने, "बयताडा, चोराले पाट मांडून देल्ला तू!"

मी धावलो अन् उरलेल्या दगडांच्या मधात मांडी घालून बसलो.

"उठ बे," मुकादम म्हने. "परवानगीचा कागद हाय."

"मले वाचता येत नाही."

"मंग मी वाचतो."

"मले कायले? मुसळीले वाचून दाखव. ते उठली का मीबी उठतो."

मजूर हासले. मुकादमानं सोताच कुदळ उचलली. म्या डोळे मिटले, डोकं झाकलं, पन उठलो नाही. पाय बधिर झाला होता. बधिर नसता तरी उठलो नसतो, पन हे कोनी मानत नाही.

तेवढ्यात माय आली. "सरक तिकडं," म्हने, अन् बाजूले बसली.

एका मजुरानं कुदळ खाली टाकली. "बाईमानसावर कुदळ नाही चालवत आपुन." बाकीच्यायनंही टाकल्या. मुकादम पोतं घेऊन गेला.

पुढच्या पावसाळ्यात अर्ध्या उतारावर नुसतं गवत होतं. अर्ध्यावर फुलं.

आता माय नाही. दगडायचा चुनाही कवाच धुतला गेला. जागा फक्त माह्या डोक्यात हायेत, अन् ते डोकं कसं हाय हे तुमी पाह्यलंच. परवा शेठचा नातू मोटारसायकलवर आला. "काका" म्हने, पाया पडला. त्याले चहा पाजला. जागा नाही दाखवली. तुमालेही नाही दाखवत.