न पाहिलेले

ताईबेनना किळस फार लवकर यायची. खंडेराव मार्केटात वांगं हातात घेतलं की त्या आधी देठाची टोपी उचलून खाली बघत. तिथे बारीकसं काळं भोक दिसलं की "शी!" म्हणून वांगं परत टोपलीत. मग भाजीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत, "चकाकतंय म्हणून घेऊ नये रे. देठ बघ." ऑफिसात एखादा अहवाल वाचतानाही त्यांचं नाक तसंच आक्रसे.

बडोद्यातली आमची कंपनी लहान, पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करणारी. त्यातले दोष शोधून प्रोग्रामरला लिहून कळवणं हे ताईबेनचं, माझं आणि आणखी काही जणांचं काम. मराठी माणसं त्यांना ताई म्हणत, गुजराती बेन. दोन्ही मिळून ताईबेन झालं आणि पुढे मालकही तेच म्हणू लागले. घर शहरातल्या जुन्या वाडी भागात, पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत. "पणजोबांनी दरवाज्यावर पहारा दिला, मी इथे देते," असं त्या म्हणत.

त्यांचा प्रत्येक अहवाल एकाच ओळीने संपे: 'न पाहिलेले'. दोष कुठे दिसला, किती वेळा दिसला हे लिहून झालं की जे तपासलं नाही तेही त्या लिहीत. दुसऱ्या प्रिंटरवर पाहिले नाही. गर्दीच्या वेळी पाहिले नाही. मला ती ओळ कबुलीजबाबासारखी वाटे. वाचताना मीच ओशाळत असे.

मागच्या वर्षी अहवाल लिहायला एआय एजंट आला. आपण पाहिलेलं कोणत्याही भाषेत सांगायचं, तो ते मुद्देसूद इंग्रजीत उतरवून देणार. ताईबेनना तो आवडला, हे सांगायला हवं. "माझं अर्धं मराठी, अर्धं गुजराती सगळं कळतं याला. तुझ्यापेक्षा सारो छे, चांगला आहे!" असं त्या मला चिडवत. त्याला सूचना लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण पुस्तकं वाचणारा मी. मी लिहिलं: अहवाल थोडक्यात आणि ठाम असावा; 'बहुधा', 'कधीकधी' असे शब्द गाळावेत.

त्याच सुमारास दोन पेशंटचे रिपोर्ट लागोपाठ छापले की कधीकधी दुसऱ्यावर पहिल्याचं नाव येऊ लागलं. ताईबेननी नऊ वेळा करून पाहिलं, दोनदा तसं झालं. त्यांनी एजंटला हे सगळं सांगितलं आणि त्या स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या; पाठवण्याआधी वाचायचं मी कबूल केलं होतं. एजंटने माझ्या सूचनेप्रमाणे एकच वाक्य ठेवलं होतं: दुसऱ्या रिपोर्टवर पहिल्या पेशंटचं नाव येतं. नऊ नाही, दोन नाही, शेवटची ओळही नाही. मी वाचलं, मला ते सुंदर वाटलं, मी पाठवलं. प्रोग्रामरने एकदा करून पाहिलं, नाव बरोबर आलं. 'असे होत नाही' असा शेरा मारून त्याने तक्रार बंद केली.

पुढच्या महिन्यात पाणीगेटकडच्या एका लॅबने एका बाईच्या हाती तिचं नाव छापलेला भलत्याच कुणाचा रिपोर्ट ठेवला. नसलेला आजार ती चार दिवस उराशी धरून बसली.

ताईबेननी जुना अहवाल उघडला. "शी! याला देठच नाही."

"एजंटने गाळलं ते," मी म्हणालो.

"त्याला नावं ठेवू नकोस. त्याला सांगितलं तेच त्याने केलं. 'मला माहीत नाही' लिहायची लाज तुला वाटते. त्याला कुठे वाटते?"

त्यांनी शेजारी बसून माझ्याकडून सूचना बदलून घेतल्या. आता एजंट लिहिण्याआधी विचारतो: किती वेळा करून पाहिलं? काय पाहिलं नाही? न कंटाळता प्रत्येकाला विचारतो. थोडे दिवस अहवाल खरोखर सुधारले. मग ऑफिसातल्या सगळ्यांना युक्ती सापडली. दुसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' एवढंच लिहिलं की सुटका होते. "अरे भाई, सगळं जग पाहून आलास काय?" ताईबेन जागेवरूनच ओरडत. आता ओरडायला कुणी नाही. रोजचे अहवाल उघडतो आणि ओळीने तेच दिसतं: काही नाही, काही नाही. आता माझंही नाक आक्रसतं.

पण नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. यंदा ताईबेन दवाखान्यात दाखल झाल्या. मी रोज त्यांच्या भावाला फोन करी, तो म्हणे, "आहे तसंच आहे, बघू या." तेवढ्यावर मी ऑफिसच्या ग्रुपवर लिही: 'ताईबेनची प्रकृती स्थिर आहे. काळजी नसावी.' थोडक्यात आणि ठाम. दवाखाना ऑफिसपासून स्कूटरने दहा मिनिटांवर होता. मी आज जाईन, उद्या जाईन म्हणत राहिलो. खरं तर त्यांना तसं पडलेलं बघण्याची मला भीती वाटत होती. माझं वाचून बाकीच्यांनीही जाणं पुढच्या रविवारवर ढकललं.

गुरुवारी त्या गेल्या. स्मशानातून परतताना तोच प्रोग्रामर माझ्याजवळ आला. "तुम्ही स्थिर लिहिलं होतं ना?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने खरंच विश्वास ठेवला होता.

हे लिहिलेलं मी चारदा वाचून पाहिलं. त्यांच्या हाती दिलं असतं तर त्यांनी आधी शेवटची ओळ शोधली असती.

न पाहिलेले: ताईबेनचे शेवटचे सहा दिवस.