उलटी बसवलेली साइट

हरेश भोईर माझ्या हाताखाली आला तेव्हा आमची कंपनी नियंत्रण रेषेवर होती. मी हवालदार, स्नायपर सेक्शनचा कमांडर. तो लान्स नाईक. पोस्टवर रिपोर्ट केल्या केल्या त्याने विचारलं, "उस्ताद, तुम्ही ठाण्याचे ना? मी ठाकुर्लीचा." मी वर्तकनगरचा म्हटल्यावर त्याला एवढा आनंद झाला, जणू आम्ही एकाच अंगणात वाढलेलो. त्या दिवसापासून तो माझा बडी, म्हणजे जोडीदार झाला.

स्नायपर जोडीने काम करतो. एक जण रायफलीवर. दुसरा स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीवर. गोळी कुठे पडली हे तो सांगतो. दोघांचं जमावं लागतं. आमचं जमत होतं. एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट म्हणजे रायफलीवरची साइट. आमच्या रायफलीच्या डाव्या अंगाला एक पट्टी असते. तिच्यावर दुर्बिणीची साइट सरकवायची आणि खिटी दाबून घट्ट करायची. लोकांना वाटतं, दुर्बीण लावली की गोळी आपोआप लागते. आमच्या सोसायटीतले शिकलेसवरलेले लोक आजही मला हेच ऐकवतात. मी आता वाद घालत नाही. साइट आणि नळी यांचा मेळ बसवावा लागतो. त्याला झिरो करणं म्हणतात. रेंजवर गोळ्या झाडायच्या, साइटवरच्या चकत्या एकेक टिचकी फिरवायच्या, पुन्हा झाडायच्या. मेळ बसला की साइटला उगाच हात लावायचा नाही. काढून परत बसवताना केसभर फरक पडला, तर पाचशे मीटरवर तो हातभर होतो.

हे मी भोईरला येता-जाता सांगितलं. तो दर वेळी "हो उस्ताद" म्हणायचा. मग काच बनियनच्या टोकाने पुसायचा. आधी ब्रशने धूळ उडव, मग मऊ कापड फिरव, नाहीतर धूळ काचेवर ओरखडे काढते, हे शंभरदा शिकवलेलं. बाहेरच्या थंडीतून रायफल आणून सरळ बुखारीशेजारी टेकवायचा. बुखारी म्हणजे बंकरमधली शेगडी. गार काच उबेत आली की तिच्यावर दव धरतं. रायफल बॅगेत ठेव, हळूहळू गरम होऊ दे. "हो उस्ताद." दुसऱ्या दिवशी रायफल पुन्हा बुखारीशेजारी.

पण कहर वेगळाच होता. नाल्यापलीकडे, रेषेच्या त्या बाजूला, एक गाव होतं. त्याच्या सपाट तुकड्यावर पोरं क्रिकेट खेळायची. मी पोस्टवर नसलो की हा पठ्ठ्या साइट रायफलीवरून काढायचा आणि मोर्चाआड, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशामागे, बसून मॅच बघायचा. एकदा मी अचानक परत आलो. त्याने घाबरून साइट लपवायची, तर मलाच सांगितलं की लाल टोपीवाला आउट झाला.

मी विचारलं, मोठी दुर्बीण असताना हा उद्योग कशाला. तो म्हणाला, ती जड आहे, मांडीवर राहत नाही. शिक्षा म्हणून त्याला पाणी वाहून आणण्याची ड्यूटी लावली. ती हसत केली. आणि दर वेळी झिरो पुन्हा तपासायला रायफल घेऊन मागे उतरायचं मी. परवानगी मागायची कंपनी कमांडरची. शेवटी मेजर साहेब म्हणाले, "सावंत, ही रायफल आहे की ट्रान्झिस्टर? सारखी ट्यून करता." मी "सॉरी सर" म्हटलं. बडीचं नाव सांगितलं नाही.

एके दिवशी सकाळी तीन जवान नाल्यावरून पाणी घेऊन वर येत होते. पलीकडून फायर आला. शिपाई जाधव मांडीत गोळी लागून उघड्यावर पडला. दुसरे दोघे एका दगडाआड अडकले. कोणी जरा हललं की गोळी यायची. नेमकी.

रेडिओवर मेजर साहेब आले.

"सावंत, फायर कुठून?"

"दिसत नाही सर."

"शोधा आणि बंद करा. जाधवचं रक्त जातंय. ओव्हर."

"रॉजर."

आम्ही दोघे रांगत डावीकडच्या मोर्चात गेलो. तिथे पोचतोय तोच गोळ्यांचा एक बर्स्ट मोर्चाच्या दगडांवर बसला. वरचा दगड सुटून रायफलीवर पडला. मी रायफल ओढून घेतली. काच शाबूत होती, पण खिटी वाकलेली, साइट डुगडुगत होती. दाबून बसवली. वरून बुटाची लेस आवळून बांधली. हलायची थांबली, पण झिरो गेला होता. आता गोळी कुठे जाईल, हे मला माहीत नव्हतं.

भोईर मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून पडला होता.

"उस्ताद, मेंढ्यांचा वाडा. खालची भिंत, डावा कोपरा. तिथे भोक आहे."

"असेल. पडकी भिंत आहे."

"नाही उस्ताद. त्या भिंतीला भोक नव्हतं. पोरांची चौकाराची बाउंडरी आहे ती. मी रोज बघतो."

मी निशाणा धरला आणि झाडली.

"उजवीकडे. दीड मीटर. थोडी खाली."

चकत्यांना हात लावला नाही. बांधलेल्या साइटवर त्यांचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता. तेवढंच डावीकडे, तेवढंच वर धरून पुन्हा झाडली.

"अजून उजवीकडेच. एक हात."

तिसरी.

"भिंतीला लागली. भोकाच्या कडेला."

चौथी झाडल्यावर तो म्हणाला, "आत गेली." पलीकडचा फायर थांबला. माणूस पडला की पळाला, हे मला कधीच कळलं नाही.

ज्या खोडीपायी मी त्याला दीड वर्ष फैलावर घेतलं, तिनेच त्या सकाळी जागा सापडली. हे मान्य करायला मला आजही जड जातं. कारण साइट काढणं चूकच होतं. आज कोणी काढली तरी मी ओरडेनच.

मी रेडिओवर कळवलं. स्ट्रेचर निघालं, पण ते वरच्या अंगाने येणार, वेळ लागणार होता. आमच्यापासून जाधव जवळ होता. भोईर दुर्बीण सोडून उठला.

"थांब," मी म्हटलं. "स्ट्रेचर येऊ दे."

"उस्ताद, तुम्ही साइट बघा. मी आलो."

दगडाआडचे दोघेही पुढे झाले. तिघांनी मिळून जाधवला उचलून दगडामागे आणलं. त्याच्या मांडीला पट्टा आवळून झाला तेव्हा मॉर्टरचे गोळे पडायला लागले. दगडाआड तिघांपुरतीच जागा होती. भोईर बाहेरच्या अंगाला होता.

मी थांब म्हटलं होतं. ती ऑर्डर होती.

निवृत्त होऊन मी वर्तकनगरला परत आलो. यंदा ठाकुर्लीतल्या मंडळाने नाक्यावर हरेशचा पुतळा बसवायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष प्रकाश, हरेशचा चुलतभाऊ. अनावरणाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने मला पुतळा बघायला बोलावलं. कल्याणच्या मूर्तिकाराने फायबरचा केला होता. चेहरा चांगला उतरलेला. मी रायफलीकडे बघितलं आणि डोकं सणकलं. साइट उलटी. डोळ्याला लावायचं रबर नळीच्या तोंडाकडे, आणि पुढची मोठी काच हरेशच्या गालाशी.

मी प्रकाशला दाखवलं. तो म्हणाला, "सावंतसाहेब, खालून कोणाला कळतंय? उद्या दहाला पाहुणे येणार." मूर्तिकार म्हणाला, नेटवरून फोटो घेतला होता, बहुतेक कुठल्या तरी गेममधला असावा. आता कापायची म्हणजे पुन्हा पुट्टी भरा, पुन्हा रंग. मी त्यांना समजावलं. मग पुन्हा समजावलं. आवाज चढला. जन्मभर मी हेच करत आलोय आणि जन्मभर लोक मला "हो हो" म्हणत आलेत, असं काहीतरी मी बोललो. प्रकाश शरमून खाली बघत होता, पण माघार घेत नव्हता.

हरेशची आई बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. तिने मला जवळ बोलावलं.

"उलटी बसवलीय म्हंजे, त्याला त्यातून कायच दिसनार नाय का?"

"दिसेल काकी. पण सगळं लांब दिसेल. समोरचं घरसुद्धा लांब."

ती पुतळ्याकडे बघत राहिली. नाक्यावरून तिचं घर दिसतं. मग प्रकाशला म्हणाली, "मंग फिरव ती. त्याला घर जवल दिसाला पायजे."

प्रकाशने मूर्तिकाराला खूण केली. मूर्तिकाराने करवत काढली. काम संध्याकाळी उरकलं. मी शेवटपर्यंत शेजारी उभा राहून त्याला वैताग आणला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी भाषणात हरेशला कॅप्टन म्हटलं. मी दात खाऊन गप्प बसलो. भाषणं आटोपल्यावर पुतळ्याला सॅल्यूट केला. गर्दीत मागे एक माणूस काठीला टेकून उभा होता. जाधव. साताऱ्याहून पहाटे निघून आला होता, बायको आणि दोन मुलींना घेऊन. हरेशच्या आईने त्याला नाव विचारलं आणि जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून सांगितलं.

लान्स नाईक हरेश भोईर, आमच्या कंपनीचा. त्या सकाळी पाणी आणायला गेलेले तिघेही जवान आज जिवंत आहेत.