आईच्या उजव्या हाताची तार

बारावीचं वर्ष मी जवळजवळ झोपेतच काढलं. लातूरला पोरं रात्रंदिवस अभ्यास करतात असं लोक म्हणतात, करत असतील. मी जन्माची झोपाळू. पहाटेच्या क्लासला सायकल मारत जायची ती अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, आणि फिजिक्सचे सर फळ्यावर लाटा काढायला लागले की त्या लाटांवर माझी मान हळूहळू डुलायला लागायची. त्यामुळे त्या वर्षातलं जे काही आठवतं, ते पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. आईचा हात लुळा पडला, तेही तसंच.

आमचं गाव किल्लारीजवळचं. वडील साखर कारखान्यावर कामाला होते, ते तिकडंच राहिले, आणि मला करून घालायला आई लातूरला आली. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत अशाच आया होत्या. प्रत्येक खोलीत एक आई, एक स्टोव्ह आणि एक होणारा डॉक्टर. दुपारी सगळ्याजणी पायरीवर मेथी निवडत बसायच्या आणि एकमेकींच्या लेकरांचे मार्क काढून घ्यायच्या. माझे मार्क विचारले की आईला नेमकं आत काहीतरी उतू गेल्यासारखं वाटायचं.

वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली तिनं बघायलाही नकार दिला होता. खालची, दारालगतची, अंधारी खोली घेतली. दाराला कडी कधी लावली नाही. नुसती वीट लावून ठेवायची. भूकंपाला बरीच वर्षं होऊन गेली होती, गाव नव्या जागी वसून जुनंही झालं होतं, पण आईचं डोक्यावरच्या छताशी जमलं नाही ते नाहीच.

चाचणी परीक्षा एका पाठोपाठ एक झाल्या आणि संपल्या, तेव्हा मी अशी झोपले की दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत उठलेच नाही. उठले ते परातीच्या आवाजानं. आई भाकरी थापत होती, म्हणजे थापायला बघत होती. उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबत होता. डाव्या हातानं ती तो उचलून सरळ करायची आणि सोडला की तो पुन्हा खाली पडायचा. आधी ती हसली. म्हणाली, "मुंग्या आल्यात जनू." मग पुन्हा उचलला, पुन्हा पडला, आणि तिचं हसू गेलं.

घरमालकीण किराणा दुकान सोडून धावत आली. "लकवा मारला गं बाई," म्हणाली आणि दुकानातूनच कसलंसं काळपट तेल आणून खांद्यापासून बोटापर्यंत चोळलं. आठवडाभर चोळलं. हात चकाकायला लागला, पण उठला नाही. लातूरच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर, कोपरावर हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, नसांची तपासणी करून घ्या, नांदेडला एकांकडे मशीन आहे.

लकवा म्हटल्यावर आई घाबरली ती स्वतःसाठी नाही. "हात गेला तर तुला करून कोन घालंल? तुला मेसचं खावं लागंल बघ." मीही घाबरले होते. मला डॉक्टर व्हायचं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण आई गावाकडे परत गेली तर या शहरात मी एक दिवससुद्धा टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एसटीनं निघालो. अहमदपूरला गाडी थांबली, आईनं डाव्या हातानं चहा घेतला आणि थोडा लुगड्यावर सांडला. मग मी झोपले. डोळे उघडले तेव्हा नांदेड आलं होतं, आणि त्यानंतर आम्ही रस्ता कसा शोधला, पायऱ्या कशा चढलो, यातलं काही म्हणता काही आठवत नाही. एकदम ती खोलीच आठवते. जाड पडदे, गारवा, आणि मशीनच्या काळ्या पडद्यावरून सरकणारी एक हिरवी रेघ.

डॉक्टर म्हातारे होते, पांढरी दाढी, आवाज अगदी मऊ. नांदेडचंच जुनं मुसलमान घराणं असावं. मराठी बोलताना मधेच दख्खनी यायची. आईच्या मनगटाला ते चिकटपट्ट्या लावायला लागले आणि पट्ट्या सटासट निसटायला लागल्या. डॉक्टरांच्यासमोर हात कोरडा कसा न्यायचा, म्हणून आईनं निघताना आणखी एकदा तेल चोळलं होतं.

"अम्मा, तपासणी हाय की पैलवानकी?" ते म्हणाले आणि स्पिरिटच्या बोळ्यानं सगळा हात पुसून काढला. आई लाजली.

मग त्यांनी कोपराच्या वर एक छोटा चिमटा टेकवला. टक् असा आवाज झाला आणि आईचा पंजा उडाला. आठवडाभर मेल्यासारखा पडलेला तो पंजा, आपला आपण. पडद्यावरच्या रेघेला एक मोठी टेकडी आली.

"म्या न्हाई हालवला," आई घाईघाईनं म्हणाली.

"मी हालवला, अम्मा. तुमचा हात जिता हाय."

आईनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. लहान मुलीला जत्रेत काहीतरी दाखवल्यावर होतो, तसा झाला होता.

डॉक्टर चिमटा वर वर नेत गेले. दंडाच्या मधोमध, मागच्या बाजूला एक जागा होती. तिच्या खाली टेकवला की पंजा उडायचा. तिच्या वर टेकवला की नुसता थरथरायचा, आणि रेघेवर टेकडीच्या जागी उंबरठ्याएवढा उंचवटा यायचा. ते पुन्हा पुन्हा तिथंच येत राहिले. मग त्यांनी बारीक सुई घेतली. सुई स्नायूत गेली की मशीनच्या पेटीतून आवाज यायचा. आधी खांद्याजवळ टोचली आणि हात ताणायला सांगितला, तर पेटीतून धो धो आवाज आला. आई टोचण्याचं दुखणं विसरून ऐकत राहिली.

"पत्र्याच्या शेडातला पाऊस," ती म्हणाली. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तिथंच माझं बालपण गेलं.

मग सुई मनगट उचलणाऱ्या स्नायूत गेली. आई सगळा जीव लावून मनगट उचलायला बघत होती. पेटीतून एक थेंब पडला. बऱ्याच वेळानं दुसरा. आम्ही तिघंही पुढच्या थेंबाची वाट बघत होतो, आणि त्या गारव्यात मला वाटलं, आपण अजून एसटीत झोपलोय आणि हे सगळं स्वप्नात चाललंय.

सुई काढून डॉक्टर म्हणाले, "लकवा न्हाई. ह्या जागी नस दबली. वरून आलेली तार इथं अडते, खाली चांगली हाय." मग ते जरा अवघडले. "अम्मा, राग नका मानू. दारू पिऊन कधी खुर्चीवर हात टाकून झोपलात..."

"अगं माय!" आई टेबलावरून उठायलाच लागली. "माळकऱ्याच्या घरची हाय मी!"

"बरं बरं. मग झोपंत हातावर कोनाचं डोकं होतं का?"

मला कानापर्यंत गरम झालं. मी सतरा वर्षांची घोडी आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपत होते, रोज, समजायला लागल्यापासून. क्लासमधल्या एकाही मुलीला मी हे सांगितलं नव्हतं. आईचा हातच तसा यायचा, आडवं झालं की मानेखाली. उशी असते हे मला पाहुण्यांकडे गेल्यावर कळायचं.

"ही झोपती," आई शेवटी म्हणाली. "परीक्षा झाली तवा गाढ झोपली. हात काडला असता तर जागी झाली असती."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हात येईल, वेळ लागेल, पण आता त्यावर कुणी झोपायचं नाही. मग ताडून बघण्यासाठी त्यांनी डाव्या हाताला पट्ट्या लावल्या. चिमटा वर लावा, खाली लावा, डावा पंजा टणाटण उडत होता. आई त्याच्याकडे बघत होती, बराच वेळ.

"ह्यो तर चांगला हाय," ती म्हणाली. "मग हिला ह्या अंगाला घेऊ का?"

"अम्मा, कोनत्याच अंगाला नको. पोरगी मोठी झाली आता."

"तसं न्हाई साहेब." ती डाव्या हाताशीच बोलत असल्यासारखी बोलली. "दोगं व्हते. ही उजव्या अंगाला, ल्योक डाव्या अंगाला. गनपतीचं इसर्जन करून दमून झोपलो व्हतो. जमीन हालली तवा उजवा हात हिच्यावर पडला. डावा टाकला, तर पोचलाच न्हाई."

मला एक भाऊ होता आणि तो भूकंपात गेला, एवढंच मला माहीत होतं. यापलीकडे आमच्या घरात त्याचं नाव निघत नसे. पण आईच्या डावीकडची जागा मला माहीत होती. शेडात, नव्या घरात, लातूरच्या त्या टीचभर खोलीत, आई डावीकडे माणसाएवढी जागा मोकळी सोडायची आणि तिथं तांब्या-पेला ठेवायची. मावशी एकदा तिथं आडवी झाली तर आईनं तिला उठवलं होतं. मला वाटायचं, हिला रात्री तहान लागते.

डॉक्टरांनी आईच्या उजव्या मनगटाला आधाराची पट्टी बांधली, आणि बांधून झाल्यावरही तो हात थोडा वेळ आपल्या हातात ठेवला. परतताना मी झोपले नाही. अहमदपूर कधी आलं, कधी गेलं, सगळं बघितलं, आणि आईला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून रडले. हात पुढं हळूहळू आला. थंडी पडेपर्यंत ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

पण त्या दिवशी लातूरला पोचलो, तेव्हा मला कळेना की मी आता झोपायचं कुठं. मी माझी वाकळ घेऊन नुसती उभी राहिले. आईनं एका हातानं अंथरूण घातलं. डावीकडचा तांब्या-पेला उचलून स्टोव्हपाशी नेऊन ठेवला.

"हातावर न्हाई," ती म्हणाली. "नुसती बाजूला पड."

आणि ती उजवीकडे सरकली.